घटक ४ : पारंपरिक ग्रामीण घर – रचना, शब्दसंपदा आणि वारसा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• मराठवाडा व लगतच्या देशावरील माळवदाच्या घराची रचना क्रमाने सांगता येईल.
• घराच्या भागांची नावे आणि त्या भागांचा वापर यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• घराशी निगडित शब्दांची व्युत्पत्ती व त्यांचे लाक्षणिक अर्थ उदाहरणांसह मांडता येतील.
• घराच्या रचनेतून व्यक्त होणारी सामाजिक विषमता ओळखता येईल.
• आपल्या परिसरातील एका जुन्या घराची शब्दनोंद पद्धतशीरपणे करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'जातीची उतरंड' हा शब्दप्रयोग आपण अनेकदा वाचला असेल. 'उतरंड' म्हणजे काय, असे विचारले तर 'श्रेणी' किंवा 'चढती-उतरती रचना' असे उत्तर मिळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. उतरंड म्हणजे माजघराच्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवलेली मडकी. सर्वांत मोठे मडके तळाशी, सर्वांत लहान शेंड्याला. तळाच्या मडक्यातले धान्य काढायचे तर वरची सगळी मडकी एकेक करून उतरवावी लागतात आणि एरवी त्या सगळ्यांचा भार तळाचे मडके वाहत असते. ही वस्तू ज्याने पाहिली आहे त्याला रूपकाची धार लगेच जाणवते. ज्याने पाहिली नाही त्याच्या लेखी 'उतरंड' हा एक अमूर्त शब्द होऊन बसतो.

या घटकाचा मुख्य विचार येथूनच सुरू होतो. पारंपरिक घराचा वारसा दोन रूपांत असतो : दगड-माती-लाकडाच्या रूपात आणि शब्दांच्या रूपात. घर उतरवले की पहिले रूप नाहीसे होते हे सर्वांना दिसते. दुसरे रूप मात्र कोणाच्या लक्षात न येता जाते. काही शब्द रूपक बनून टिकतात, पण त्यांच्या मुळाशी असलेली वस्तू विसरली जाते. उरलेले शब्द एका पिढीत संपतात. हे शब्द समजून घेणे आणि नोंदवणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे. ते करताना जुन्या घराचा केवळ गौरव करून चालणार नाही, हेही आपण पुढे पाहणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ माळवदाचे घर : दारापासून परसापर्यंत

महाराष्ट्रात ग्रामीण घराचा एकच नमुना नाही. अभ्यासाच्या सोयीसाठी आपण मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या सोलापूरच्या भागातील, बऱ्यापैकी शेती असलेल्या कुटुंबाचे माळवदाचे घर आधाराला घेऊ. 'माळवद' म्हणजे मातीचे सपाट छत. पाऊस बेताचा आणि ऊन कडक अशा प्रदेशात हे छत सोयीचे असते. त्यामुळे घर थंड राहते. शिवाय छतावर धान्य, मिरच्या, पापड-कुरडया वाळवता येतात आणि उन्हाळ्यात रात्री झोपताही येते.

अशा घरात रस्त्याकडून शिरू या. उंच भिंतीत मोठा दरवाजा असतो. त्याच्या एका फळीतच लहान दार कापलेले असते. त्याला 'दिंडी दरवाजा' म्हणतात. मोठा दरवाजा बैलगाडीसाठी, दिंडी माणसांसाठी. दरवाजातून आत येताच लागते ती 'ढाळज'; काही भागांत तिला 'ढेलज' किंवा 'देवडी' असेही म्हणतात. येथे परका माणूस बसतो, निरोप सांगतो, प्रसंगी पाणी पिऊन परत जातो. ढाळजेपुढे उघडा 'चौक' येतो. घराला उजेड आणि वारा येथूनच मिळतो, कारण बाहेरच्या भिंतींना खिडक्या फार थोड्या असतात. चौकाभोवती जोत्यावर उभारलेला, खांबांचा, चौकाच्या बाजूने उघडा असा 'सोपा' असतो. पाहुण्यांची बैठक, हिशेब, गावकीच्या गप्पा येथे चालतात. अनेक भागांत याच जागेला 'ओसरी' म्हणतात.

सोप्यामागे 'माजघर'. येथे अंधार आणि गारवा दोन्ही असतात. उतरंडी, कणग्या, शिंकी, जाते यांची ही जागा. माजघराला लागून देवघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली असते. धान्य साठवण्यासाठी भिंतीत किंवा जमिनीत 'बळद' केलेले असते. 'पेव' मात्र जमिनीत खोल खणलेले असते. सर्वांत मागे न्हाणी आणि 'परस' : भाजीचा वाफा, गोवऱ्या, सरपण आणि मागचे दार.

हा क्रम पाठ करण्यासाठी दिलेला नाही. ढाळज, सोपा, माजघर, परस या नावांचा अर्थ एकेकटा सांगता येत नाही. सोपा म्हणजे ढाळजेच्या आतला आणि माजघराच्या बाहेरचा. ढाळजेत बसणारा प्रत्येक जण सोप्यावर येतोच असे नाही आणि सोप्यावर येणारा प्रत्येक जण माजघरात जात नाही. भाषाविज्ञानात ज्याला 'अर्थक्षेत्र' म्हणतात त्याचे हे नमुनेदार उदाहरण होय : शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांनी आखलेला असतो. आजच्या घरातील 'हॉल' या शब्दाने सोपा, बैठक आणि माजघर या तिन्हींची जागा घेतली आहे. पण 'हॉल' म्हणजे 'सोपा' असे समीकरण मांडता येत नाही, कारण हॉलच्या एका बाजूला ढाळज नाही आणि दुसऱ्या बाजूला माजघर नाही.

४.३.२ भिंत, छत आणि काम करणारे हात

माळवदाच्या घराचे मोजमाप फुटांत नव्हे तर 'खणां'त सांगतात. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. 'पाच खणांचा सोपा' म्हटले की घरधन्याची ऐपत ऐकणाऱ्याला कळते. खांबांवर 'तुळया', तुळयांवर आडव्या 'कड्या', कड्यांवर लाकडाच्या लहान तुकड्यांचे 'किलचण', त्यावर पाला आणि शेवटी मातीचा जाड थर अशी छताची रचना असते. ही माती शेतातली काळी माती नसते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. छतासाठी गावठाणातली 'पांढरी' माती वापरतात. ग्रामजीवनात 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा असा भेद रूढ आहे. घराच्या माथ्यावरची माती त्या वस्तीचीच असे. छताला किंचित उतार देऊन पाणी 'पन्हळी'तून बाहेर काढतात. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गळक्या जागा पाहून छतावर नवी माती टाकण्याची पद्धत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, ४.३.६ मध्ये तिच्याकडे परत यायचे आहे.

भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या. ऐपत असेल तर दर्शनी भाग घडीव दगडांचा, म्हणजे 'चिरेबंदी'. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. विदर्भातील एका खेड्यातल्या, ढासळत चाललेल्या देशपांडे कुटुंबाची ही कथा आहे. 'चिरेबंदी' या शब्दात घडीव दगडांचा टिकाऊपणा आणि घराण्याचा तोरा दोन्ही आहेत. शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असेल तरच शीर्षकातील उपरोध पूर्णपणे पोहोचतो.

घर उभे राहण्यात अनेकांचे कसब असे. खांब, तुळया, दारे सुताराची. खिळे, कड्या-कोयंडे लोहाराचे. दगड फोडणे-घडवणे वडार आणि गवंडी यांचे. रांजण, मडकी, कौले कुंभाराची. आणि उभ्या राहिलेल्या घराची रोजची देखभाल स्त्रियांची. या कामांची क्रियापदे पाहा : अंगण झाडणे, सडा घालणे, भुई चोपणे, भिंत लिंपणे, जमीन सारवणे, चुलीला पोतेरे घालणे, कौलारू वा गवती घर असेल तर पावसाआधी छप्पर शाकारणे.

येथे एक भाषिक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. घर गेल्यावर नामे काही काळ आठवणीत टिकतात, क्रियापदे मात्र लवकर जातात. 'जाते' हे नाम प्रदर्शनात ठेवलेल्या वस्तूला चिकटून राहते. 'चोपणे' किंवा 'शाकारणे' या क्रियापदांना मात्र काम करणारा हात लागतो. हात थांबला की क्रियापद थांबते. ते टिकले तर दुसऱ्याच अर्थाने टिकते. चूक झाकण्याच्या खटपटीला आपण आज 'सारवासारव' म्हणतो. उखडलेल्या जमिनीवर शेणाचा हात फिरवून ती एकसारखी दिसेल असे करणे हा त्यामागचा मूळ अनुभव आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. घराच्या संदर्भात 'खण' म्हणजे काय?
२. छतासाठी काळी माती का वापरत नाहीत?
आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. दिंडी दरवाजा बैलगाडीसाठी असतो.
२. 'हॉल' आणि 'सोपा' हे शब्द पूर्णतः समानार्थी आहेत.

४.३.३ प्रदेश बदलतो तसे घर बदलते

सह्याद्री उतरून कोकणात गेले की माळवद दिसत नाही. तेथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यात त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा पडतो. कोकणातील छप्पर म्हणूनच उतरते असते. माथ्यावर 'आढे', त्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे 'वासे', त्यांनी तोललेली 'पाखी' आणि पाख्याच्या खालच्या कडेला 'वळचण'. वळचणीवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारा म्हणजे 'पागोळ्या'. भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज कापता येतात. उघड्या हवेत तो टणक होतो. कुंभाराने केलेल्या नळीच्या कौलांच्या जोडीला पुढे 'मंगळोरी कौल' आले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि तेथील चपटी, एकमेकांत अडकणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. गावाचे नाव वस्तूला चिकटल्याचे हे उदाहरण आहे.

कोकणातील घराचा क्रमही वेगळा आहे : खळे किंवा अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार. येथील 'ओटी' आणि 'ओटी भरणे' यातील 'ओटी' हे शब्द उच्चाराने सारखे असले तरी अर्थाने वेगळे आहेत, हे ध्यानात घ्यावे. विदर्भात कौलांना 'कवेलू', पुढच्या उघड्या भागाला 'सपरी' आणि घरामागील आवाराला 'सांदवाडी' म्हणतात. म्हणजे घरापुढच्या निम्म्या उघड्या जागेला मराठीत सोपा, ओसरी, ओटी, पडवी, सपरी अशी अनेक नावे आहेत. ती एकमेकांची निव्वळ भाषांतरे नाहीत. कोकणच्या घरात ओटी आणि पडवी दोन्ही असतात आणि त्या वेगळ्या असतात. बोलींच्या अभ्यासात 'एका वस्तूला अनेक नावे' आणि 'अनेक वस्तूंमधला सूक्ष्म भेद दाखवणारी नावे' या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

४.३.४ शब्दांची वंशावळ

घराचे शब्द मराठीच्या इतिहासातील वेगवेगळ्या थरांमधून आले आहेत. सर्वांत मोठा थर संस्कृतातून प्राकृतमार्गे आलेल्या तद्भव शब्दांचा. गृह–घर, चतुष्क–चौक, स्कंभ–खांब, तुला–तुळई, कपाट–कवाड, चुल्ली–चूल, कोष्ठागार–कोठार या जोड्या पाहा. 'मध्य' शब्दाचे प्राकृतात 'मज्झ' झाले. 'माजघर' म्हणजे मधले घर. 'उंबरठा' हा शब्दही लक्षणीय आहे. संस्कृतात 'उदुंबर' हा शब्द उंबराच्या झाडाप्रमाणेच दाराच्या चौकटीतील खालच्या लाकडासाठीही आलेला दिसतो आणि त्याचे प्राकृत रूप 'उंबर' होय. 'वासा' हा शब्द 'वंश' म्हणजे बांबू या शब्दापासून आला. कुळ या अर्थाचा 'वंश' हाही तोच शब्द. एक रूप तत्सम राहून घराण्याचे नाव झाले आणि दुसरे तद्भव होऊन घराचे छप्पर तोलत राहिले.

त्यानंतरचा थर फारसी-अरबीचा. दरवाजा, दिवाणखाना, तावदान, हौद, तबेला हे शब्द त्यातले. पोर्तुगिजांच्या संपर्कातून चावी, बिजागरी असे शब्द आले. इंग्रजीतून हॉल, किचन, स्लॅब, टेरेस आले. घराच्या एका दारातच चौकट तद्भव, दरवाजा फारसी आणि बिजागरी पोर्तुगीज अशी सोबत आढळते.

जुन्या मराठीतही घराचे शब्द विपुल आहेत. लीळाचरित्रात ओसरीसारख्या भागासाठी 'पटिशाळ' हा शब्द वारंवार येतो. चक्रधरस्वामींचे वास्तव्य जेथे जेथे झाले त्या जागांचे दिशांसह वर्णन महानुभावांच्या 'स्थानपोथी'त आहे. वास्तूची शब्दनोंद करण्याची परंपरा मराठीत नवी नाही, हे यावरून दिसते. पुढील काळात मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८) यांनी ग्रामीण घराचे असंख्य शब्द जपून ठेवले.

४.३.५ घरातून भाषेत

घराचे भाग जसे बोलीत आले तसे ते वाक्प्रचार-म्हणींमध्येही शिरले. 'उंबरठे झिजवणे', 'खुंटीला टांगणे', 'वेगळी चूल मांडणे', 'आढ्याकडे पाहत राहणे', 'मनाच्या कोनाड्यात ठेवणे' ही उदाहरणे रोजच्या वापरातील आहेत. काही म्हणी मात्र रचना ठाऊक असल्याशिवाय उलगडत नाहीत.

'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' ही म्हण घ्या. आढे सर्वांत वर, वळचण सर्वांत खाली. पाणी नेहमी आढ्याकडून वळचणीकडे वाहते. उलटे होणे अशक्य, असा म्हणीचा आशय. पण आढे आणि वळचण न पाहिलेल्या वाचकाला पाणी कोठून कोठे जाते हेच कळत नाही. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' या म्हणीत पडत्या काळी आपली माणसेही उलटतात हा अनुभव आहे. वासे घर तोलतात, म्हणून त्यांचे फिरणे जिव्हारी लागते. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' यात जेवायला बसलेला पाहुणा वर पाहून यजमानाची ऐपत जोखतो हे चित्र आहे. सिमेंटच्या सपाट छताखाली मोजायला वासेच नसतात. म्हण तरीही चालते, पण ती आता पाठांतरावर चालते.

४.३.६ घराने आखलेल्या सीमा

आतापर्यंतचे वर्णन वाचून जुने घर म्हणजे सुख-समाधानाचे आगर होते, असा समज होण्याची शक्यता आहे. अभ्यासकाने त्यापासून सावध राहावे. घराची रचना जशी हवामानाने ठरली तशी ती समाजव्यवस्थेनेही ठरली.

ढाळज, सोपा, माजघर हा क्रम म्हणजे प्रवेशाच्या परवान्यांचा क्रम होता. कोणी कोठपर्यंत यावे हे जात ठरवत असे. गावासाठी राबणाऱ्या अनेकांना ढाळजेच्याही आत येता येत नसे. त्यांची वस्ती गावठाणाबाहेर असे. या संदर्भात 'वाडा' हा शब्द पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यापासून 'वाडा'. 'पाटलाचा वाडा' यात वाडा म्हणजे एका कुटुंबाचे भव्य घर. 'महारवाडा', 'मांगवाडा' यांत वाडा म्हणजे संपूर्ण जातीला नेमून दिलेली, गावाबाहेरची वस्ती. शब्द एकच; एकीकडे कुंपण संपत्ती राखते, दुसरीकडे तेच माणसांना दूर ठेवते. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि त्यानंतरची दलित आत्मकथने वाचताना गावाचे घर बाहेरून कसे दिसते हे कळते. आतून लिहिलेल्या ग्रामीण साहित्याच्या वाचनाला ही जोड आवश्यक आहे.

दुसरी सीमा स्त्रियांची. सोपा पुरुषांचा आणि माजघर स्त्रियांचे अशी वाटणी होती. उजेड चौकात आणि सोप्यात, अंधार माजघरात. बाळंतिणीची खोली तर सर्वांत कोंदट. 'उंबरठ्याच्या आत' हा शब्दप्रयोग स्त्रीच्या मर्यादेचे नाव बनला आणि म्हणूनच 'उंबरठा ओलांडणे' हा वाक्प्रचार तिच्या शिक्षणाच्या व स्वातंत्र्याच्या संदर्भात नव्या अर्थाने रुळला. त्याच माजघरात जात्यावर ओव्या रचल्या गेल्या, हेही तितकेच खरे. एकाच जागेने कोंडले आणि त्याच जागेत मराठीतील स्त्रियांची मोठी मौखिक रचना घडली. दोन्ही गोष्टी एकत्र सांगणे हेच प्रामाणिक वर्णन.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक जण आपल्याच घरांखाली दबून गेले. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना नीट बांधलेले नव्हते, ते सुटे झाले. वरचे माळवद खाली आले. दर वर्षी गळती थांबवण्यासाठी टाकलेल्या मातीने ते पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेले होते. घराची काळजी घेण्याची रीतच घातक ठरली. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत असल्याने भिंती पडूनही छत तोलले गेले. परंपरेत दोष होता तसा त्यावरचा उपायही तिच्यातच काही अंशी होता, असे यावरून म्हणता येते.

भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. रुंद, सरळ रस्ते आणि ओळीने मांडलेली सुरक्षित घरे आली. एकमेकांना लागून असलेल्या भिंती, बोळ, आळ्या ही जुन्या गावठाणाची वीण राहिली नाही. ढाळज आणि चौक राहिले नाहीत. जीव वाचवणारे घर हवे की शब्द वाचवणारे, असा प्रश्न येथे नाही. त्याचे उत्तर उघड आहे. प्रश्न असा आहे की घर बदलणे अटळ असताना त्याच्याबरोबर जाणाऱ्या ज्ञानाची नोंद कोणी करायची?

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) योग्य शब्द लिहा.
१. 'वासा' हा शब्द संस्कृत ______ या शब्दापासून आला.
२. लीळाचरित्रात ओसरीसारख्या भागासाठी ______ हा शब्द येतो.
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. माळवद दर वर्षी अधिक जड का होत असे?

४.३.७ शब्दनोंद कशी करावी?

प्रस्तुत लेखकाच्या आजोळचे माळवदाचे घर काही वर्षांपूर्वी उतरवले. तुळया आणि खांब गाडीत भरले जात होते. सत्तरी ओलांडलेली मामी समोरच्या ओट्यावर बसून पाहत होती. एका पडक्या भिंतीकडे बोट दाखवून लेखकाने विचारले, "मामी, त्या कोनाड्यात काय ठेवायचे?" ती म्हणाली, "कोनाडा नव्हं ते, देवळी हाय. देवळीत दिवा ठिवायचा. कोनाडा पलीकडचा, त्येच्यात तांब्या-भांडं. अन् दार लावल्यालं ते फडताळ." तीस वर्षे भाषाविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने या तिन्हींना आजवर 'कोनाडा' म्हटले होते. दुपारपर्यंत मामीने सांगितलेले शब्द एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर उतरवून झाले. संध्याकाळी भिंत राहिली नव्हती.

या प्रसंगावरून शब्दनोंदीचे काही नियम सांगता येतात.

१. शब्द सुचवू नका. 'याला कोनाडा म्हणतात ना?' असे विचारले तर समोरची व्यक्ती मान हलवते. वस्तू दाखवून 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?' असेच विचारावे.
२. उच्चार जसा ऐकला तसा लिहावा. प्रमाण रूप नंतर कंसात द्यावे.
३. नामाबरोबर त्याचे लिंग, अनेकवचन आणि त्यासोबत येणारे क्रियापद नोंदवावे. वर पाहिल्याप्रमाणे क्रियापद आधी हरवते.
४. घराचा साधा आराखडा काढून त्यावर शब्द लिहावेत. कोणता भाग कशाच्या आत आणि कशाच्या बाहेर आहे हे दिसले पाहिजे.
५. घरातील स्त्रियांना, सुतार-गवंडी-कुंभारांना आणि त्या घराच्या उंबरठ्याबाहेर थांबावे लागलेल्या माणसांनाही विचारावे. केवळ घरधन्याची साक्ष पुरेशी नाही.
६. शब्द सांगणाऱ्या व्यक्तीचे वय, गाव आणि व्यवसाय लिहावा. नाव तिच्या संमतीनेच द्यावे.

४.४ सारांश

पारंपरिक ग्रामीण घराची रचना हवामान, उपलब्ध साहित्य, कारागिरी आणि समाजव्यवस्था यांनी ठरते. माळवदाच्या घरातील ढाळज, चौक, सोपा, माजघर, परस ही नावे एकमेकांच्या संबंधानेच अर्थ धारण करतात. कोकण आणि विदर्भ येथे रचना व नावे बदलतात. या शब्दसंपदेत तद्भव, फारसी-अरबी, पोर्तुगीज व इंग्रजी असे थर आहेत. घराचे भाग वाक्प्रचारांत आणि म्हणींत टिकून राहतात, पण वस्तू नाहीशी झाल्यावर त्यांची अर्थच्छटा पुसट होते. जुन्या घराने जात आणि लिंग यांच्या सीमा आखल्या होत्या. १९९३ च्या भूकंपाने त्याच्या बांधणीतील दोषही दाखवले. म्हणून वारसा जपणे म्हणजे जुने सर्व जसेच्या तसे टिकवणे नव्हे, तर त्यातील ज्ञान आणि त्यातील अन्याय दोन्ही नेमक्या शब्दांत नोंदवणे होय.

४.५ शब्दार्थ

आढे : उतरत्या छपराच्या माथ्यावरील आडवे लाकूड.
उतरंड : एकावर एक रचलेल्या मडक्यांची रास.
कणगी : धान्य साठवण्यासाठी बांबू इत्यादींची विणलेली, लिंपलेली मोठी पाटी.
किलचण : छतात कड्यांवर पसरलेले लाकडाचे लहान तुकडे.
जोते : घराचा जमिनीपासून उंचावलेला पाया.
पन्हळ : छतावरील पाणी वाहून नेणारी नळी.
पोतेरे : चूल वा जमीन सारवण्यासाठी वापरायचे फडके.
बळद : भिंतीत किंवा जमिनीत केलेली धान्य साठवण्याची जागा.
वळचण : छपराची खालची, भिंतीबाहेर आलेली कड.
शाकारणे : पावसाळ्यापूर्वी छपरावर गवत वा कौले नीट घालणे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : अ) १. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. २. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. आ) १. चूक. २. चूक.
प्रश्न – २ : अ) १. वंश. २. पटिशाळ. आ) १. गळती थांबवण्यासाठी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी छतावर नवी माती टाकली जात असे.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. माळवदाच्या घराची रचना सांगून 'अर्थक्षेत्र' ही संकल्पना स्पष्ट करा.
२. देश आणि कोकण येथील घरांच्या रचनेतील फरक कारणांसह लिहा.
३. 'वाडा' आणि 'उंबरठा' या शब्दांच्या आधारे घर आणि सामाजिक विषमता यांचा संबंध विशद करा.
४. टीपा लिहा : अ) घराशी निगडित म्हणी आ) घराच्या शब्दसंपदेतील परभाषिक थर इ) क्रियापदांचा ऱ्हास.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा नात्यातील पन्नास वर्षांहून जुन्या एका घराला भेट द्या. ४.३.७ मधील नियम पाळून किमान तीस शब्दांची नोंद करा आणि घराचा आराखडा काढा. त्यांपैकी किती शब्द आपल्याला आधीपासून माहीत होते, किती आपल्या आई-वडिलांना माहीत आहेत आणि किती फक्त आजी-आजोबांनाच माहीत आहेत, याची तीन रकान्यांत मांडणी करा. तिसऱ्या रकान्यातील शब्दांसाठी वेळ काढून दुसऱ्यांदा भेट द्या. तिसऱ्या भेटीची वाट पाहू नका.